पोशाखाची निवड आणि पोशाखाची तयारी

रोज अंगावर काय घालायचे हे आदल्या रात्री किंवा आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवावे, की त्या त्या सकाळी कपाटासमोर उभे राहून ठरवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु ज्या घरातून सकाळी तीन-चार माणसे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि एक लोकल चुकली तर पुढचा सगळा दिवस मागे सरकतो, त्या घरात तो वेळेच्या, श्रमाच्या आणि मनःस्वास्थ्याच्या व्यवस्थेचा प्रश्न असतो. या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन स्वभावांची तुलना म्हणून केली जाते. काही माणसे शिस्तीची आणि काही लहरी, असे म्हटले की विषय संपतो. या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. पोशाख ठरवण्याच्या क्रियेत दोन स्वतंत्र कामे मिसळलेली असतात. पहिले काम निवडीचे, म्हणजे हाताशी असलेल्या कपड्यांपैकी आजच्या दिवसाला कोणता योग्य याचा निर्णय घेण्याचे. दुसरे तयारीचे, म्हणजे तो कपडा धुतलेला, वाळलेला, इस्त्री केलेला, बटणे-हुक शाबूत असलेला आणि जोडीच्या सर्व वस्तूंसह समोर असेल याची तजवीज करण्याचे. ही दोन कामे वेगळी करून पाहिली, तर असे दिसते की तयारी आधी व्हायलाच हवी, निवडीचा मात्र एक लहानसा भाग सकाळसाठी मोकळा ठेवणे हिताचे असते.

सकाळचे मन आणि सकाळची घाई

सकाळी घेतल्या जाणाऱ्या निर्णयाला दोन गोष्टी प्रतिकूल असतात. पहिली शारीरिक आहे. झोपेतून जागे झाल्यावर मेंदू लगेच पूर्ण क्षमतेने काम करू लागत नाही. काही काळ लक्ष, स्मरण आणि तुलना करण्याची शक्ती मंदावलेली राहते. झोपेच्या या रेंगाळणाऱ्या अंमलाला निद्राजडत्व असे म्हणता येईल. बहुतेकांच्या बाबतीत तो अर्ध्या तासाच्या आसपास ओसरू लागतो, पण झोप अपुरी झाली असेल किंवा गाढ झोपेत असताना गजर झाला असेल, तर तो अधिक काळ टिकतो. दुसरी गोष्ट परिस्थितीची आहे. डबा, मुलांची शाळा आणि ठरलेली गाडी यांच्या मध्ये कपडे निवडायला जी काही मिनिटे उरतात, त्यांत एखादी अडचण निघाली तर ती निस्तरायला जागाच नसते.

याच संदर्भात निर्णयाचा थकवा ही कल्पना गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झाली आहे. माणसाची इच्छाशक्ती मर्यादित साठ्यासारखी असते आणि प्रत्येक लहानमोठ्या निर्णयाने ती खर्च होते, असे या कल्पनेचे सूत्र आहे. तिचा आधार १९९८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. त्यांतील एका प्रयोगात समोर चॉकलेटची बिस्किटे असताना ज्यांना केवळ मुळे खाण्यास सांगितले होते, त्या विद्यार्थ्यांनी पुढे दिलेले न सुटणारे कोडे इतरांपेक्षा लवकर सोडून दिले. २०१२ मध्ये बराक ओबामा यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाच्या मुलाखतीत आपण केवळ राखाडी किंवा निळे सूट घालतो, कारण काय घालावे याचे निर्णय कमी करायचे आहेत, असे सांगितले आणि ही कल्पना घरोघरी पोहोचली. मात्र २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर या परिणामाची पुन्हा पडताळणी केली, तेव्हा तो जवळजवळ शून्य आढळला. त्यामुळे सकाळी सदरा निवडल्याने दिवसभराची निर्णयशक्ती आटते, असे ठामपणे म्हणणे आज योग्य ठरत नाही.

पर्यायांच्या संख्येबाबतही असाच सावध निष्कर्ष काढावा लागतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील एका दुकानात कधी चोवीस, तर कधी सहा प्रकारचे जॅम मांडले होते. चोवीस प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी, तर सहा प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी खरेदी केली. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावर मात्र असे दिसले की अधिक पर्याय दरवेळी जाचक ठरत नाहीत. निवड गुंतागुंतीची असेल, स्वतःची पसंती आधीपासून स्पष्ट नसेल किंवा वेळ अपुरा असेल, तेव्हा ते जाचक ठरण्याचा संभव वाढतो. भरलेल्या कपाटासमोरच्या सकाळी नेमक्या याच अटी एकत्र येतात. म्हणजे कपडे पुष्कळ असणे हे सकाळच्या त्रासाचे मूळ कारण नसून, पसंती निश्चित नसताना आणि घड्याळ पुढे धावत असताना त्या पुष्कळांशी गाठ पडणे, हे आहे.

आधी ठरवण्याचे बळ आणि त्याची मर्यादा

आधी ठरवून ठेवण्याचा लाभ दोन प्रकारचा असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात असे दाखवून दिले की ‘हे काम करायचे आहे’ एवढाच निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक कृती करायची’ असा अटीशी जोडलेला बेत अधिक वेळा प्रत्यक्षात उतरतो, कारण ठरलेला प्रसंग समोर येताच कृती पुन्हा विचार न करता सुरू होते. आंघोळीनंतर खुंटीवरचा निळा कुर्ता घालायचा, हा असाच बेत आहे. दुसरा लाभ रात्रीचा आहे. अर्धवट राहिलेली कामे मनात घोळत राहतात आणि ती केव्हा व कशी करायची हे ठरले की हे घोळणे कमी होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. उद्याचे कपडे बाहेर काढून ठेवणे म्हणजे त्या यादीतील एक ओळ लिहिणे आणि त्याच वेळी पूर्णही करणे होय.

तरीही पूर्ण आठवड्याचे पोशाख रविवारीच नेमून टाकण्यात एक ठळक दोष आहे आणि तो इतामार सायमनसन यांच्या १९९० च्या अभ्यासातून समजून घेता येतो. त्यांनी विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांसाठी खाऊ निवडण्यास सांगितले. एका गटाला तिन्ही आठवड्यांची निवड एकदमच करायची होती, दुसऱ्याला दर आठवड्याला त्या वेळी. एकदम निवडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांनी तीन वेगवेगळे पदार्थ घेतले; दर वेळी निवडणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ९ टक्के होते, कारण प्रत्यक्ष वेळ आली की बहुतेकांना आपला आवडता पदार्थच पुन्हा हवासा वाटला. आगाऊ ठरवताना माणसाला विविधतेचे आकर्षण गरजेपेक्षा अधिक वाटते. या प्रवृत्तीचा पोशाखाशी संबंध जोडला, तर रविवारी हौसेने नेमलेली जरीच्या काठांची साडी किंवा क्वचित घातला जाणारा रंगीत सदरा गुरुवारी सकाळी पुन्हा कपाटात का जातो आणि नेहमीचा सुती कुर्ता बाहेर का येतो, याचा उलगडा होतो.

दुसरा दोष भावी स्थितीच्या अंदाजाचा आहे. माणूस आजच्या अवस्थेवरून उद्याच्या गरजेचा अंदाज बांधतो आणि आजचे पारडे नकळत जड धरतो. अर्थशास्त्रात या कलाला प्रक्षेपणदोष म्हणता येईल. अमेरिकेतील घरपोच खरेदीच्या नोंदी तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की थंडीसाठीचे कपडे अधिक थंड दिवशी मागवले गेले, तर ते परत पाठवले जाण्याची शक्यता वाढते, कारण मागणी नोंदवताना त्या दिवसाची थंडी ग्राहकाच्या मनावर स्वार झालेली असते. महाराष्ट्रातील जून महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात, जिथे दोन दिवसांत हवेचा नूर पालटतो, तिथे हा दोष विशेष जाणवतो. शिवाय प्रकृती, मासिक पाळीचे दिवस, कार्यालयात ऐन वेळी ठरलेली बैठक, संध्याकाळी एखाद्याला भेटायला जावे लागणे, हे सर्व रविवारी ठाऊक नसते.

कापडाचे वेळापत्रक

निवडीचा विचार मनाच्या अंगाने झाला; तयारीचा विचार मात्र कापडाच्या अंगाने करावा लागतो, कारण कापडाला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते माणसाच्या घाईला जुमानत नाही. प्रत्येक तंतू हवेतील ओलावा कमीअधिक प्रमाणात धरून ठेवतो. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता या प्रमाण मानलेल्या स्थितीत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, रेशीम सुमारे ११ टक्के, तर पॉलिस्टर अवघा ०.४ टक्का ओलावा धरतो. सुती कपडा उन्हाळ्यात घाम टिपतो म्हणून सुखद वाटतो आणि याच गुणामुळे पावसाळ्यात वाळता वाळत नाही. बाष्पीभवनाचा वेग हवा किती कोरडी आहे यावर अवलंबून असतो. जुलैच्या मुंबईत सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असल्याने दोरीवरच्या कपड्यांतले पाणी घ्यायला हवेत जागाच थोडी असते. त्यामुळे सोमवारी धुतलेला सुती सलवार-कुर्ता बुधवारीही दमट लागतो, त्याच दिवशी धुतलेला पॉलिस्टरमिश्रित कुर्ता मात्र पंख्याखाली रात्रीत वाळतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या नोकरदार स्त्रिया पावसाळ्यात सिंथेटिक साड्या-कुर्ते पुढे काढतात आणि सुती कपडे मागे ठेवतात, ती हवा ओळखून केलेली मोसमी योजनाच असते.

सुरकुतीचेही असेच आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी शिरले की हे बंध सैल होतात आणि कपडा वाळताना ज्या घडीत पडला असेल त्याच घडीत पुन्हा जुळतात. इस्त्रीपूर्वी पाण्याचा हबका मारण्यामागचे शास्त्र हेच आहे: ओलावा आणि उष्णता मिळून बंध पुन्हा सैल होतात आणि इस्त्रीच्या दाबाखाली सपाट स्थितीत पक्के होतात. या क्रियेला वेळ लागतो. वीज गेली किंवा इस्त्रीवाल्याकडचे गाठोडे आदल्या संध्याकाळी आले नाही, तर सकाळच्या निर्णयशक्तीचा कितीही साठा असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

तयारीचे स्वरूप किती तपशिलाचे असते, हे एका सुती हातमागाच्या साडीवरून स्पष्ट होते. नवी साडी दुकानातून घरी आली म्हणजे नेसण्याजोगी झाली असे नाही. तिला पिको-फॉल व्हावा लागतो. फॉल बेतण्यापूर्वी भिजवून आटवला नसेल, तर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि निऱ्यांच्या खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. ब्लाउजपीस कापून शिंप्याकडे द्यावा लागतो, त्याला अस्तर लावावे लागते आणि शिवून आल्यावर दंडाला किंवा छातीला घट्ट झाला तर शिलाई उसवावी लागते. परकराचा रंग साडीच्या रंगाशी जुळावा लागतो, कारण विरळ विणीच्या साडीतून वेगळा रंग लगेच दिसतो. धुतल्यावर साडीला खळ द्यायची असेल तर ती वाळण्यापूर्वीच द्यावी लागते, पदर आणि काठ ताणून वाळत घालावी लागते आणि किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवली तर निऱ्या सरळ पडतात. यांतील एकही काम सकाळी साडेसात वाजता सुरू करून आठ वाजता संपवता येत नाही. ऐन वेळी ब्लाउजचा हुक निघालेला आढळला तर जे घडते त्याला निवडीचा गोंधळ म्हटले जाते, पण खरे पाहता ती आधी न झालेल्या तयारीची वसुली असते.

निवड बाहेरून ठरते तेव्हा

निवड आणि तयारी ही दोन वेगळी कामे आहेत याचा ठळक पुरावा नवरात्रात मिळतो. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकाने नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग वाचकांपुढे ठेवले आणि पाहता पाहता कार्यालये, शाळा आणि लोकलचे महिला डबे त्या रंगांनी भरू लागले. बहुतेक रंग वाराशी जोडलेले असतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. या दिवसांत काय घालायचे हा निर्णय जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून झालेला असतो. तरीही काम कमी होत नाही, उलट सगळा भर तयारीवर येतो. राखाडी साडी घरात नसते म्हणून ती जावेकडून किंवा मैत्रिणीकडून आणावी लागते, नारिंगी साडीवरचे ब्लाउज उसवावे लागते आणि आदल्या रात्री उद्याचा रंग इस्त्री करून ठेवावा लागतो. एरवी सकाळी ठरवणाऱ्या स्त्रियाही हे नऊ दिवस आनंदाने बेत आखतात, कारण तो एकटीचा नसून सगळ्याजणींचा असतो. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून किमान शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना केली, तेव्हाही निवड सोपी झाली, पण शुक्रवारची खादी गुरुवारी खळ आणि इस्त्रीसह सिद्ध असण्याची गरज उरलीच.

पर्याय मुळातच कमी करण्याचा मार्ग फॅशनच्या जगातही सुचवला गेला आहे. लंडनमध्ये सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात थोड्या, टिकाऊ आणि परस्परांशी जुळणाऱ्या कपड्यांच्या संग्रहाची कल्पना मांडली. न्यू यॉर्कच्या डोना कॅरन यांनी १९८५ मध्ये सात मूळ कपड्यांवर आधारलेला संग्रह सादर केला. यामागचे गणित सोपे आहे: पाच सदरे आणि तीन पॅन्ट परस्परांशी जुळत असतील, तर आठ कपड्यांतून पंधरा जोड्या मिळतात. साडीच्या बाबतीत मात्र हे गणित आपोआप लागू पडत नाही, कारण प्रत्येक साडी आपल्याच ब्लाउजला बांधलेली असते आणि दहा साड्या म्हणजे दहाच पोशाख राहतात. काळे, सोनेरी, खणाचे किंवा कलमकारीचे ब्लाउज अनेक साड्यांवर चालवण्याची रीत या बंधनातूनच मार्ग काढते. मापाला नीट बसणारी अशी तीन-चार ब्लाउज हाताशी असली, तर एका ब्लाउजच्या तुटलेल्या हुकामुळे साडी अडून राहत नाही.

कमी कपड्यांना विरोध होतो तो ‘कालचाच पुन्हा घातला असे लोक म्हणतील’ या धास्तीतून. २००० मध्ये टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवले गेले. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांना शर्टावरचे चित्र कोणाचे ते ओळखता येईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव हिश्शाहूनही कमी जणांना ते सांगता आले. स्वतःच्या पोशाखाकडे इतरांचे लक्ष किती आहे याचा माणसाचा अंदाज साधारण दुप्पट चढा असतो, हे कळले तर बरीच निवड आपोआप सुकर होते.

बेत करण्याचे श्रम कोणाचे?

या सगळ्या चर्चेत एक बाब बहुधा झाकली जाते. स्वतःचे कपडे सकाळी आयत्या वेळी निवडण्याची मोकळीक ज्याला असते, त्याच्यासाठी तयारी दुसऱ्या कोणीतरी केलेली असण्याचा संभव मोठा असतो. मुलाच्या शाळेत बुधवारी पीटीचा गणवेश लागतो, नवऱ्याचा पांढरा सदरा इस्त्रीला गेला आहे, सासूबाईंना गुरुवारी दवाखान्यात न्यायचे आहे म्हणून पुढून उघडणारे ब्लाउज धुतलेले हवे, हे सर्व एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री असते. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरातील बौद्धिक श्रमांचे चार भाग सांगितले: गरज आधी ओळखणे, ती भागवण्याचे मार्ग शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे लक्ष ठेवणे. त्यांच्या अभ्यासातील जोडप्यांत निर्णय बहुधा दोघे मिळून घेत, पण गरज ओळखण्याचा आणि लक्ष ठेवण्याचा भार विशेषतः स्त्रियांवर पडत असे. हे श्रम डोळ्यांना दिसत नाहीत. दिसणाऱ्या श्रमांचे वाटप तरी समतोल आहे असे नाही. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणून ‘आदल्या रात्री कपडे काढून ठेवा’ हा सल्ला देताना तो नेमका कोणाला दिला जात आहे, याचा विचार करणे आवश्यक आहे; अन्यथा आधीच भरलेल्या रात्रीत आणखी एका कामाची भर पडते आणि घर मात्र शिस्तीचे झाले असे मानले जाते.

उचित विभागणी

वरील विवेचनातून एक व्यवहार्य व्यवस्था निघते. तयारी आठवड्याच्या मापाने करावी: धुणे, वाळवणे, इस्त्री, हुक-बटणे आणि परकर-ओढणीची जुळणी ही कामे एका ठरलेल्या दिवशी, पावसाळ्यात दोन दिवस आधी धरून, उरकून घ्यावी आणि सिद्ध झालेला पोशाख जोडीच्या वस्तूंसह एकाच हँगरवर किंवा एकाच घडीत ठेवावा. ज्या कपड्याची एक जरी वस्तू बाकी असेल, तो सिद्ध कपड्यांत मिसळू नये. तो डोळ्यांसमोर वेगळा ठेवावा, म्हणजे कामही विसरले जात नाही आणि सकाळी फसगतही होत नाही. निवड मात्र दिवसवार नेमू नये. आदल्या रात्री सिद्ध पोशाखांतून दोन बाहेर काढावेत, एक नेहमीचा आणि एक हवेप्रमाणे किंवा कामाप्रमाणे वेगळा, आणि अंतिम निर्णय सकाळी खिडकीबाहेर पाहून घ्यावा. दोहोंपैकी एक निवडायला अर्धवट झोपेतले मनही पुरेसे असते. त्याच वेळी उद्याच्या मनःस्थितीवर आजचा हुकूमही चालत नाही. परीक्षा, मुलाखत, लग्नकार्य किंवा पहाटेचा प्रवास असेल, तेव्हा मात्र निवडही आधीच पक्की करावी, कारण अशा दिवशी बदलाच्या सोयीपेक्षा निश्चिंतीचे मोल अधिक असते.

ही व्यवस्था टिकायची असेल तर ती घरातील प्रत्येकाने आपापल्या कपड्यांपुरती उचलली पाहिजे. आठ-नऊ वर्षांचे मूल आपला गणवेश, मोजे आणि रुमाल रात्री एकत्र ठेवू शकते. प्रौढ पुरुषाला आपल्या सदऱ्याचे बटण आहे की नाही हे स्वतः पाहणे अवघड नाही. पोशाखाचे नियोजन हे टापटिपीचे प्रदर्शन नसून सकाळच्या घाईतून माणसाची सुटका करण्याचे साधन आहे आणि ही सुटका एका व्यक्तीच्या जास्तीच्या श्रमांतून इतरांना मिळत असेल, तर ते नियोजन अपुरे आहे. तयारी सर्वांनी वाटून घेतली, तरच सकाळी आपल्या मनासारखा कपडा उचलण्याची मोकळीक घरातल्या सर्वांना, आणि सर्वांची तयारी आजवर करत आलेल्या स्त्रीलाही, मिळू शकेल.